मडावीबाईंची बोट

मडावीबाईंच्या टेबलासमोर जायची वेळ आली की मी आधी चष्मा काढून पदराला पुसायची. काच स्वच्छच असायची. पण तेवढा वेळ मला लागायचा.

सगुणा मडावी आमच्या गोंदियाच्या शाळेत लिपिक होत्या आणि मी गणित शिकवत होते. बावीस वर्षं आम्ही एका छताखाली काढली. बुटक्या, काळ्या, केस तेल लावून मागे घट्ट आवळलेले, कपाळावर हिरवट गोंदण. आवाज असा की बाईंनी आपल्या टेबलावरून शिपायाला हाक मारली तर दहावीचा वर्ग सरळ बसायचा. त्यांना हसताना मी फार कमी पाहिलं. लोक म्हणायचे, बाई सकाळी रागाने उठतात आणि रागानेच झोपतात. मीही म्हणायची.

त्यांचं एक वाक्य शाळेतल्या पोरांनासुद्धा पाठ होतं. "तोंडाचं सांगू नका. लिहून द्या."

एकदा मुख्याध्यापक स्वतः त्यांच्या टेबलाशी आले आणि संस्थेतल्या कुणाच्या तरी भाच्याचा दाखला मागच्या तारखेने काढा म्हणाले. बाईंनी मान वर केली नाही. कोरा कागद आणि पेन त्यांच्यापुढे सरकवला.

"तारीख मांगची टाका, असं लिहून द्या सर. खाली सही करा. मी आत्ताच काढून देते."

सर कागद तसाच ठेवून निघून गेले. तो दाखला निघाला नाही. बाईंची पगारवाढ मात्र त्या वर्षी दोन महिने अडकली. त्यासाठीही त्यांनी तीन अर्ज दिले आणि तिन्ही अर्जांवर पोच घेतली.

फुलचूरला एका खोलीत त्या भाड्याने राहायच्या. लग्न केलं नव्हतं. स्कूटी घेतली नाही आणि कुणी मागे बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. "पाय हायेत मले," म्हणायच्या, आणि म्हणताना अशा बघायच्या की विचारणाऱ्याला आपण काही वाईट बोललो असं वाटावं. महिन्यातल्या एका शनिवारी त्या गावी जायच्या. गावाचं नाव पल्याडटोला. आमच्या जिल्ह्यातल्या एका धरणाच्या पलीकडे, जंगलाला लागून वीस-पंचवीस घरं. एवढंच आम्हाला माहीत होतं. त्यापुढे कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीत स्टाफने मिळून कुठेतरी जायचं ठरत होतं. मोठी गाडी करायची, पचमढीला जायचं, असं सगळ्यांचं चाललेलं. दारातून बाईंचा आवाज आला.

"मी कोकनात जाऊन राहिली. चार दिवस. बोटीनं. ज्याले याचं असंल त्यानं या. गाडी राहनार नाही."

सगळे हसले. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, गोंदियाहून समुद्र किती लांब, माहीत आहे ना? तिथे गाडीशिवाय काही बघून होत नाही."

"काऊन? समुद्र गाडीवाल्यायच्या बापाचा हाये का?"

मी पण हसले होते. ते इथे लिहून ठेवते, कारण नंतर त्यांच्यासोबत जायला निघालेली मीच होते. दुसऱ्या आमच्या हिंदीच्या पटले मॅडम. आम्हा दोघींनाही घरून मोठ्या सहलीचे पैसे मिळण्यासारखे नव्हते आणि बाईंचा सगळा हिशेब स्टाफच्या सहलीच्या निम्म्यातही बसत नव्हता.

त्यांनी आखणी केली तशी मी आजवर कुणी केलेली पाहिली नाही. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजू घेतल्या. मुंबईपर्यंत रेल्वेचा स्लीपर. तिथून लाँचने खाडीपलीकडे. पुढे एसटी. मग दोन ठिकाणी खाडी आडवी येते, तिथे फेरीबोट. राहायचं ते एसटी स्टँडपासून चालत जाता येईल अशाच ठिकाणी. सामान एकच पिशवी, आणि ती ज्याची त्याने उचलायची. दोन दिवसांच्या दशम्या आणि चिवडा घरून. आणि एक नियम, जो त्यांनी आमच्याकडून तीनदा म्हणवून घेतला. शेवटच्या बोटीवर भरवसा ठेवायचा नाही, तिच्या आधीची बोट धरायची.

दुपारच्या सुट्टीत त्या धक्क्यांवर फोन लावायच्या. समोरून पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"गाडी कोणती आहे?"

"गाडी नाही. तीन बाया हाये."

"मग बुकिंग कशाला पाहिजे?"

"बुकिंग नको. टाइम सांगा. पहिली किती वाजता, शेवटची किती वाजता, आन् बंद राहिली त कोन सांगते?"

समोरचा माणूस वैतागून फोन ठेवायचा. बाई परत लावायच्या. एका धक्क्यावरच्या माणसाने चौथ्यांदा फोन उचलून पूर्ण वेळापत्रक सांगितलं, तेव्हा बाईंनी ते लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "हे पहिल्या खेपेलेच सांगतलं असतं त तुमचं काय गेलं असतं?"

लाँचमध्ये पटले मॅडमना उलट्या झाल्या. बाईंनी त्यांचं डोकं धरलं आणि सबंध वेळ त्यांना रागावत राहिल्या, की सकाळी पोट भरून खाल्लं कायले. एसटीत उभं राहून आम्ही पहिल्या खाडीवर पोचलो. लहानसा धक्का, एक टपरी, भिंतीवर निळ्या रंगात रंगवलेलं वेळापत्रक. पाणी मातकट होतं. पलीकडे माडांची रांग.

बाई त्या भिंतीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. मग पिशवीतून कागद काढून सगळं उतरवून घेतलं. मी म्हटलं, "बाई, आपल्याला एकच बोट घ्यायची आहे." त्यांनी ऐकलं नाही. तिकीट देणाऱ्या माणसाकडे गेल्या.

"एकच मानूस असला, तरी सोडता?"

"टाइम झाला की सुटते, बाई."

"एकच असला तरी?"

"अहो, एक असो की शंभर. पलीकडे पण माणसं थांबलेली असतात ना."

बाई माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा इतका तापला होता की मला वाटलं, आता या माणसाशी भांडणार. पण त्या बोटीत जाऊन कडेच्या बाकावर बसल्या आणि पाण्याकडे बघत, एकाच आवाजात, मला सांगायला लागल्या.

धरण झालं तेव्हा पल्याडटोला पाण्यात गेला नाही. त्याचं शेत गेलं आणि रस्ता गेला. गाव उंचावर होतं म्हणून राहिलं, म्हणून पुनर्वसनही नाही. मोजणीला आलेल्या साहेबाने गावकऱ्यांना बसवून सांगितलं होतं, की तुमच्यासाठी सरकारी बोट देऊ. तोंडी. तेव्हापासून गावाला एक लाकडी डोंगा, एका ढिवर मासेमाराच्या मालकीचा. जंगलातून वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस, आणि पावसाळ्यात नाला भरला की तेही नाही. बाई बारावीला गोंदियात शिकत असताना त्यांची धाकटी बहीण जमुना पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. मूल अडलं. सकाळी तिला खाटेवर घालून काठावर आणलं. डोंगेवाला पलीकडच्या बाजाराला गेलेला.

"हाका मारल्या," बाई म्हणाल्या. "पाच-सहा मानसं मिळून हाका मारत. थाळ्या वाजवल्या. कापड हलवलं. दुपारपर्यंत वाट पायली. मंग वाट पाहाचं कामच राहिलं नाही."

बोट निघाली होती. इंजिनाचा आवाज होता.

"आन् इथं एका मानसासाठी सोडतात," त्या म्हणाल्या. "मले वाटे, बोट म्हंजे लय मोठी गोष्ट असंल. सरकारले जमत नसंल. हे त कायीच नाही, मॅडम. लोखंडाचा पाट आन् एक इंजिन. हे त्यायनं आमाले दिलं नाही."

दुसऱ्या खाडीवर मोठी फेरीबोट होती. गाड्यांची रांग वरच्या वळणापर्यंत लागलेली. आम्ही नियमाप्रमाणे शेवटच्या आधीच्या बोटीला पोचलो होतो. पायी जाणाऱ्यांना साखळीमागे थांबवून ठेवलं होतं. आमच्यासोबत टोपल्या घेतलेल्या दोन कोळणी आणि काही मजूर. गाड्या आत जात राहिल्या. काठावर टेकवलेल्या लोखंडी फळीवर धडाधड वाजत एकामागून एक. काचा वर केलेल्या. शेवटची गाडी आत गेली आणि साखळी धरून उभा असलेला माणूस म्हणाला, "फुल्ल. पुढच्या बोटीने या."

कोळणी टोपल्या खाली ठेवून बसल्या. त्यांना हे रोजचं असावं. बाईंनी पिशवी माझ्या हातात दिली, साखळीखालून वाकून गेल्या आणि त्या लोखंडी फळीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. आता फळी उचलता येईना.

"ओ बाई! बाजूला व्हा!"

"पायी मानूस किती जागा खाते? सांगा!"

"बाई, बोट लेट होते आहे."

"होऊ द्या. आमी तुमच्या आदीपासून उभे हावो. पहिले मानसं घ्या, मंग गाड्या घ्या. ह्या दोघी टोपल्या घेऊन बसल्या, त्यायच्या मासोळ्या सडतील, तुमच्या गाड्या सडतात का?"

गाड्यांतून हॉर्न वाजायला लागले. एकाने काच खाली करून काहीतरी घाण बोललं. बाई त्याच्याकडे चालत जातील अशी भीती मला वाटली. पटले मॅडम माझा दंड धरून "चला, चला, पुढच्या बोटीने जाऊ" म्हणत होत्या. खरं सांगते, मलाही तेच हवं होतं. आधी त्या कोळणी उठल्या. टोपल्या डोक्यावर घेतल्या आणि बाईंच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. मग मजूर गेले. मग आम्ही.

वरून बोटीचा मास्तर उतरून आला. त्याने एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि साखळीवाल्याला म्हणाला, "घे रे सगळ्यांना. जागा आहे."

जागा होतीच. आम्ही सगळे उभे राहिलो तरी रिकामी उरली. एका कोळणीने बाईंना विचारलं, "बाय, कुठची गो तू?"

"गोंदियाची."

"ते कुठं आलं?"

"तिकडं. जिथं बोट नाही तिथं," बाई म्हणाल्या. आणि त्या हसल्या. दात दिसेपर्यंत. मी पाहिलं म्हणून लिहिते आहे.

गोंदियाला परत आल्यावर त्यांनी अर्ज टाईप केला. पल्याडटोल्यासाठी फेरीबोट, सकाळी दोन फेऱ्या आणि संध्याकाळी दोन. सोबत उतरवून आणलेलं वेळापत्रक आणि तिन्ही बोटींची तिकिटं जोडली. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या बाबूने ती तिकिटं पाहून विचारलं, "ये टूर का बिल है क्या?" हे बाईंनीच मला सांगितलं. तो बाबू जन्मभर गोंदियात राहिलेला, आणि त्याने पल्याडटोला कधी ऐकला नव्हता.

उत्तर यायचं. प्रस्ताव विचाराधीन. मग, आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे. मग त्या विभागाचं, हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही. बाई प्रत्येक कागद फाइलला लावायच्या आणि पुढचा अर्ज लिहायच्या. दोन वर्षं असं चाललं. आणि एक दिवस वर्तमानपत्रात बातमी आली, की त्या धरणावर बोट येणार.

बाईंनी शाळेत पेढे वाटले. मी त्यांना पेढे वाटताना पाहिलं आणि मला रडू आलं. आज तो पेढा आठवला की मला संताप येतो.

उद्घाटनानंतरच्या रविवारी आम्ही दोघी गेलो. एसटीने फाट्यापर्यंत आणि तिथून चालत. धरणावर नवीन कमान होती, बाग होती, रंगवलेले बाक. दारावर चौकीदार रजिस्टर घेऊन बसलेला.

"गाडी नंबर?"

"गाडी नाही."

"बिना गाडी का कैसे आये?"

"पायानं."

त्याने तो रकाना मोकळा ठेवायला नकार दिला. बाईंनी रजिस्टर ओढून घेतलं आणि रकान्यात मोठ्या अक्षरात लिहिलं, पायी. मग आत गेलो. पांढरी, चकचकीत बोट, वर कापडी छत, बारा खुर्च्या, केशरी जॅकेटं. बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं जसं आपण बाळाकडे पाहतो. मग तिकिटाच्या खिडकीवर गेल्या.

"पल्याडटोल्याले कितीचं तिकीट?"

"वहाँ नहीं जाती. राउंड मारके वापस आती है."

"काऊन नाही जात?"

खिडकीतला माणूस उद्धट नव्हता. त्याला खरंच प्रश्न पडला होता. तो म्हणाला, "वहाँ देखने को क्या है?"

मी बाईंचा हात धरला. तो दगडासारखा होता. त्यांनी दोन तिकिटं घेतली. आम्ही बसलो. बोट मध्यावर आली तेव्हा पल्याडटोल्याची घरं दिसायला लागली, काठावरची चिंच दिसली, पाण्यात भांडी घासत असलेल्या बाया दिसल्या. बाई उभ्या राहिल्या.

"सोविंदाभाऊ, तिकडं घ्या."

बोट चालवणारा टोल्याचाच माणूस निघाला. तोच ढिवर कुटुंबातला, ज्यांचा डोंगा होता. त्याच्या अंगात नवा निळा शर्ट होता. तो बाईंकडे बघेना.

"बाई, तिकडं परमिशन नाही."

"आपल्या गावाले जाले परमिशन? घ्या तिकडं!"

"नोकरी जाईन माही, बाई." त्याने हळू सांगितलं. "मासोळीचा ठेका दुसऱ्यानं घेतला. आता हेच हाये मले."

बोटीतली बाकीची माणसं आमच्याकडे बघत होती. एक मूल रडायला लागलं. बाई उभ्याच होत्या. त्यांचा राग ज्याच्यावर काढायचा तो माणूस तिथे नव्हता, तो कुठल्यातरी कार्यालयात बसलेला होता. त्या खाली बसल्या. बोटीने वळण घेतलं आणि चिंच मागे पडत गेली.

पुढच्या जूनमध्ये त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला आल्या नाहीत. खोली सोडून सामान घेऊन टोल्याला राहायला गेल्या. त्या हिवाळ्यात, सुट्टीच्या दिवशी, जेव्हा नागपूर-रायपूरकडून गाड्या भरून माणसं बोटीवर येतात तेव्हा, टोल्यातली सगळी घरं जंगलातून वळसा घालून त्या धक्क्यावर येऊन बसली. म्हातारे, बाया, लेकरं. रात्री निघाले होते म्हणे. घोषणा नाहीत, झेंडा नाही. फक्त बसले, बोटीच्या आणि माणसांच्या मधे. सोविंदा बोटीतून उतरला, निळा शर्ट काढून घडी करून खुर्चीवर ठेवला आणि त्यांच्यात जाऊन बसला.

हे मला बाईंनीच फोनवर सांगितलं. दुपारी एक साहेब आले. म्हणाले, उठा, करून देतो, माझा शब्द आहे. बाईंनी काय मागितलं असेल ते सांगायला नको. साहेब दोन तास गाडीत बसून फोन करत राहिले. दिवस मावळायच्या आत सही-शिक्क्याचा कागद आला. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. आजारी माणूस असला तर कधीही.

मागितल्या होत्या चार. मिळाल्या दोन. तरी बोट लागली. मग त्याच कार्यालयाने बाईंचा सत्कार ठरवला, शाल आणि श्रीफळ. बाई गेल्या नाहीत. मी फोनवर म्हटलं, "जायला हवं होतं बाई. आता तरी राग सोडा."

"कायले सोडू?" त्या एवढ्या जोरात ओरडल्या की मी फोन कानापासून दूर धरला. "सत्कार कायचा? हे त तवाच द्याले पाहिजे होतं. तुमी पन असंच बोलून राहिल्या, मॅडम?" आणि फोन ठेवला.

बरोबर होतं त्यांचं. मला ते समजायला पुष्कळ दिवस लागले.

मागच्या थंडीत मी टोल्याला गेले. आता मी मुलीकडे नागपूरला असते. सकाळच्या फेरीने गेले, बारा खुर्च्यांत चौदा माणसं, एक शेळी आणि लसींचा डबा घेतलेली नर्स. बाईंनी भाताबरोबर धरणातली मासोळी खाऊ घातली. बारीक झाल्या होत्या. गोंदण फिकं दिसत होतं. टोल्याच्या अंगणवाडीला सहा महिन्यांपासून सेविका नाही, त्याबद्दल त्या जेवताना बोलत राहिल्या. मी काही सुचवायला गेले तर मलाच रागावल्या.

संध्याकाळी मला सोडायला त्या काठावर आल्या. मी बोटीत बसले, सोविंदाभाऊने इंजिन सुरू केलं. मी हात वर केला. पण तेवढ्यात काठावरून रोजगार हमीच्या कामाचा मुकादम सायकलवरून चालला होता आणि बाईंची नजर त्याच्यावर गेली.

"ओ! थांबा!" त्यांनी साडीचा पदर कमरेला खोचला. "हजेरीत बायायची नावं काऊन नाही लावली?"

तो सायकल जोरात मारायला लागला. आणि मडावीबाई, साठी ओलांडलेल्या, अनवाणी, त्याच्यामागे काठाकाठाने धावत सुटल्या. माझा हात वरच राहिला होता.